शिनानो म्हणजे शिनोळी नव्हे : जुना जपानी मुलूख वहीत उतरवायची रीत

नातू जपानला गेला तेव्हा पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "अज्जा, मी नागानोत आहे." मी कॅलेंडरवर नागानो लिहून ठेवलं. पंधरा दिवसांनी म्हणाला, घरमालक म्हातारा सांगतो आपण शिन्शूत राहतो. महिन्यानं म्हणाला, इथल्या स्टेशनांच्या पाट्यांवर शिनानो लिहिलंय. फोन स्पीकरवर होता. आमच्या हिला ऐकू आलं शिनोळी. "अगं बाई, शिनोळीपर्यंत आला होय? मग घरी का नाही आला?" शिनोळी आमच्या बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला, हद्द ओलांडली की लगेच. तिचं काही चुकलं नाही.

एका जागेला तीन नावं हे मला नवं नव्हतं. मी जन्मलो मुंबई राज्यात, शाळेत गेलो म्हैसूर राज्यात, नोकरीला लागलो कर्नाटकात, आणि घर तेच, वडगावातलं. सर्व्हे खात्यात 36 वर्षं मोजणी केली. आधी साखळी आणि प्लेन टेबल, शेवटी शेवटी टोटल स्टेशन यंत्र. त्यामुळे नातवाची तीन नावं ऐकून मी गोंधळलो नाही, नकाशा काढायला बसलो. त्यात चुका भरपूर केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून ही रीत लिहितोय. उदाहरण शिनानोचं आहे, पण जपानचा कुठलाही जुना प्रांत असाच धरता येतो.

आधी शब्द नीट करून घ्या. जुन्या प्रांताला जपानीत 'कुनी' म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ 'देश' दिलेला असतो आणि तिथंच पहिली ठेच लागते. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, मुलूख. "तुमचा मुलूख कुठला?" या प्रश्नात जसं राज्यही येतं, गावही येतं आणि बोलीही येते, तसं कुनीचं आहे. सातव्या-आठव्या शतकात तिथल्या दरबारानं सगळा देश अशा मुलखांत वाटला. पुढं हिशेब 66 मुलूख आणि 2 बेटं असा स्थिरावला. 1871 मध्ये सरंजामदारांच्या जहागिऱ्या मोडून प्रांतांची नवी रचना झाली आणि कुनी सरकारी कागदावरून मागं पडले. यापुढं मी मुलूख म्हणेन तो जुना कुनी आणि प्रांत म्हणेन तो हा नवा. लोकांच्या तोंडून मात्र गेले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आखूड नाव. मुलखाच्या नावातलं एक अक्षर घ्यायचं, त्याचा चिनी वळणाचा उच्चार करायचा आणि पुढं 'शू' लावायचं. शिनानोचं झालं शिन्शू. शेजारच्या काईचं कोशू, मुसाशीचं बुशू, कोझुकेचं जोशू. म्हणजे घरमालक म्हातारा आणि स्टेशनची पाटी एकच सांगत होते. नागानो हे तेवढं नवं, प्रांताचं नाव.

आता वही. शंभर पानी चौकटीची घ्या, गणिताची. एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर धरा. शिनानो दक्षिणोत्तर सुमारे 210 किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सव्वाशेच्या आसपास, म्हणजे 21 बाय 13 सेंटिमीटरचा उभा चौकोन लागतो, तो पानावर बसतो. आकाराचा अंदाज हवा तर लांब जायला नको. आजचा नागानो प्रांत 13,562 चौरस किलोमीटर आहे आणि आपला बेळगाव जिल्हा 13,415. खानापूरपासून अथणीपर्यंत बसनं जाताना जेवढं ढुंगण दुखतं तेवढा तो मुलूख. फरक इतकाच की आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 48 लाख माणसं होती, तिथं सगळी मिळून 20 लाखांच्या आसपास. बाकी सगळे डोंगर.

चौकोन काढलात की हात आवरा. हद्द आखायची नाही. मी पहिल्यांदा तेच केलं. सवयच ती, आधी शिव धरायची आणि मग आतले गट पाडायचे. नकाशा सुरेख झाला आणि त्यातून मला काडीचं काही कळलं नाही. दुसऱ्या पानावर मी पाण्यापासून सुरुवात केली.

वरून 11 सेंटिमीटर आणि डावीकडून 7 या जागी एक छोटा निळा गोल काढा. हे सुवा सरोवर. समुद्रसपाटीपासून 759 मीटर, म्हणजे आपल्या बेळगावच्या आसपासच्याच उंचीवर. नातवाचा कारखाना इथंच जवळ आहे. या सरोवरातून एकच नदी बाहेर पडते, तेन्र्यू. ती खाली, म्हणजे दक्षिणेला न्या. इना नावाच्या लांबट खोऱ्यातून ती 213 किलोमीटर वाहत पॅसिफिक महासागराला मिळते.

आता उजव्या कडेला, वरून 12 सेंटिमीटरच्या थोडं खाली एक त्रिकोण काढा. हे कोबुशी शिखर, 2,475 मीटर. नाव फोडून बघा. 'को' म्हणजे कोशू, 'बु' म्हणजे बुशू, 'शि' म्हणजे शिन्शू. काई, मुसाशी आणि शिनानो या तीन मुलखांच्या शिवा मिळतात तिथलं शिखर. आमच्या खात्यात तीन गावांच्या शिवेवरचा दगड सापडला की अर्धं काम झालं असं समजायचे. इथं तर दगडाच्या जागी अख्खा डोंगर उभा. या कोबुशीतून चिकुमा नदी निघते. तिला वरच्या अंगाला घ्या. साकू, मग उएदा, मग नागानो शहर अशी ती उत्तरेला जाते.

डावीकडून, मात्सुमोतोच्या बाजूनं (वरून 9, डावीकडून 6), साई नदी येते आणि नागानो शहराजवळ चिकुमेला मिळते. पुढं दोन्ही मिळून एचिगो मुलखात शिरतात, आणि त्या क्षणी नदीचं नाव बदलतं. तिथून ती शिनानो नदी. 367 किलोमीटर, जपानमधली सगळ्यांत लांब. त्यातले 214 किलोमीटर ती चिकुमा असते आणि उरलेले 153 शिनानो. गंमत अशी की शिनानो मुलखात शिनानो नावाची नदीच नाही! खालच्या एचिगोच्या लोकांना ती शिनानोकडून येताना दिसली, त्यांनी तसं नाव ठेवलं. आपली म्हादई गोव्यात उतरली की मांडवी होते, तसंच हे. नदी नाव बदलते ती जागा वहीत लाल टिंबानं मांडा. तिथं बहुतेक वेळा जुनी शिव असते.

चौथी नदी किसो. ती डाव्या अंगाच्या अरुंद दरीतून नैर्ऋत्येला मिनो मुलखाकडे उतरते आणि इसेच्या उपसागराला मिळते.

आता वरून 12 आणि डावीकडून सव्वाचार सेंटिमीटर इथं एक काटा मारा. हा तोरिई घाट, 1,197 मीटर. उत्तरेच्या बाजूचं पाणी नाराई नावाच्या ओढ्यात उतरतं आणि साईतून, चिकुमेतून जपानच्या समुद्राला जातं. दक्षिणेच्या बाजूचं पाणी किसोतून पॅसिफिकला. ही खूण केली तेव्हा मला शिनानो पहिल्यांदा 'दिसला'. नोकरीतली पहिली दोन वर्षं मी खानापूर तालुक्यात होतो. कणकुंबीच्या अंगाला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे, बंगालच्या उपसागराकडे निघते. तिथून जवळच भीमगडच्या जंगलातलं पाणी म्हादईतून पश्चिमेला जातं. तिथल्या एका म्हाताऱ्या गावड्यानं मला पावसात उभं करून दाखवलं होतं, की साहेब, तुमच्या या पायाचं पाणी गोव्याला आणि त्या पायाचं कृष्णेला. शिनानो म्हणजे तसा पाणलोटाचा माथा. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात चारी बाजूंच्या नद्यांचे उगम.

नद्यांच्या मधल्या जागा तपकिरी पेन्सिलीनं हलक्या भरा. भरताना चार जागा पांढऱ्या सोडा. नागानो शहराचा झेन्कोजी सपाट भाग, मात्सुमोतो, साकू आणि इना. यांना 'ताइरा' म्हणतात. डोंगरांनी वेढलेली सपाटी, आपण खोरं म्हणू. माणसं, भात, गावं सगळं या चारांत, आणि थोडं सुव्याभोवती. बाकी तपकिरी. पश्चिमेला होताका रांगेत 3,190 मीटरचं शिखर आहे, जपानमध्ये तिसऱ्या क्रमांकाचं. नैर्ऋत्येला ओंताके, 3,067 मीटर, जागता ज्वालामुखी. 27 सप्टेंबर 2014 ला भर दुपारच्या सुमाराला तो उसळला आणि चढाईला गेलेली 63 माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. पूर्वेला आसामा, 2,568 मीटर. त्याचा 1783 चा उद्रेक मोठा, त्या दशकातल्या दुष्काळाशी त्याचं नाव जोडलं जातं.

पाऊस सगळीकडे सारखा समजू नका. उत्तरेच्या टोकाला, एचिगोच्या हद्दीजवळच्या एका रेल्वे स्टेशनात 12 फेब्रुवारी 1945 ला 7.85 मीटर बर्फ मोजलं गेलं. आणि उएद्याला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत. डोंगरांनी दोन्हीकडचे ढग अडवले की मधलं खोरं कोरडं राहतं. कणकुंबीत छत्री उलटी होते आणि अथणीत टँकर येतो, हे बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. भात नीट न येणाऱ्या उंच, थंड जमिनीत त्यांनी बकव्हीट पेरलं. आपल्याकडे उपासाला कुट्टूचं पीठ मिळतं ना, तेच. त्याच्या शेवया म्हणजे सोबा. शिन्शू सोबा हे नाव आज जपानभर दुकानांच्या पाट्यांवर दिसतं.

पाणी झालं, आता वाटा. यातच खरी मजा आहे, इथं वेळ घाला.

शिनानोला समुद्र नाही. मग मीठ कुठून? हा प्रश्न विचारला की अर्धा इतिहास आपोआप उलगडतो. उत्तरेकडून, जपानच्या समुद्रावरच्या इतोइगावाहून हिमे नदीच्या काठानं मात्सुमोतोपर्यंत एक वाट येते, चिकुनी वाट. तिचं बोलीतलं नाव 'मिठाची वाट'. बर्फ नसताना बैलांवर लादून आणि बर्फात माणसांच्या पाठीवर मीठ वर चढायचं. दक्षिणेकडून पॅसिफिकचं मीठ तसंच वर यायचं. मात्सुमोतोच्या खाली शिओजिरी नावाचं गाव आहे. 'शिओ' म्हणजे मीठ, 'जिरी' म्हणजे शेवट. दोन्ही समुद्रांचं मीठ इथं येऊन संपायचं म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. लोकांनी सांगितलेली व्युत्पत्ती मी पेन्सिलीनं लिहितो, पेनानं नाही. पण वाट खरी आहे. माझी आजी सांगायची, तिच्या सासऱ्याच्या काळी रामघाटातून कोकणचं मीठ बैलांवर वर यायचं आणि वरून धान्य खाली जायचं. ही वाट मी वहीत काढली तेव्हा बैलांच्या गळ्यातल्या घंटा आमच्याच वाटल्या.

मीठ आलं की ती प्रसिद्ध गोष्ट येतेच. काईच्या ताकेदा शिंगेनचं मीठ दक्षिणेच्या सरदारांनी तोडलं, तेव्हा त्याचा हाडवैरी, एचिगोचा उएसुगी केन्शिन, यानं मीठ पाठवून दिलं आणि आपण लढतो तलवारीनं, मिठानं नव्हे असं कळवलं. दंतकथा म्हणूनच घ्या. दोघांचं वैर मात्र दंतकथा नाही. 1553 ते 1564 च्या दरम्यान हे दोघे कावानाकाजिमा या एकाच जागी पाच वेळा आमनेसामने आले. 1561 ची लढाई सगळ्यांत रक्ताळ. आता वहीत बघा ही जागा कुठं आहे. साई आणि चिकुमा मिळतात तो सपाट भाग. एचिगोवाल्याला दक्षिणेला उतरायचं तर इथूनच, काईवाल्याला उत्तरेला चढायचं तरी इथूनच. पाणी आधी काढलं असेल तर लढाईची जागा पाठ करावी लागत नाही. लढणारे दोघेही बाहेरचे. रान तुडवलं गेलं शिनानोच्या लोकांचं.

ताकेदांचं घराणं 1582 मध्ये बुडालं. पुढच्याच वर्षी सानादा मासायुकी या सरदारानं उएद्याला किल्ला बांधायला घेतला आणि 1585 आणि 1600 अशा दोन वेळा तोकुगावांच्या, म्हणजे पुढं सगळ्या जपानवर सत्ता गाजवलेल्या घराण्याच्या, मोठ्या फौजा तिथं अडवून धरल्या. आपल्याकडे गडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना हे घराणं लगेच आवडतं. नातवानं उएद्याहून मला एक पंखा पाठवला. त्यावर सहा नाण्यांची खूण आहे, सानादांची. मेलेल्या माणसाला नदीपार जायला द्यायची सहा नाणी.

तोकुगावांची सत्ता स्थिर झाल्यावर एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला जाणारी डोंगरातली हमरस्त्याची वाट पक्की झाली, नाकासेन्दो. 69 मुक्काम. त्यातले 26 एकट्या शिनानोत, कारुइझावा ते मागोमे. ही वाट काढताना सरळ रेघ मारू नका. उसुई घाटानं पूर्वेकडून आत, साकूतून वादा घाट चढून सुव्याला, तिथून शिओजिरी, तोरिई घाट आणि मग किसोची दरी. किसोच्या दरीत 11 मुक्काम. ही दरी ओवारी मुलखातल्या तोकुगावांच्या शाखेच्या ताब्यात होती, लाकडासाठी. हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, धरून पाच जातींची झाडं तोडायला रयतेला बंदी. 'एक झाड, एक मुंडकं' अशी तिथली म्हण आहे. इसेचं देवस्थान दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याला या दरीतलं हिनोकी लाकूड जातं.

जुना काळ मी थोडक्यात उरकतो. पहिल्या वाटणीत शिनानोचे 10 जिल्हे होते. ती नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. सुवा, इना, साकू ही आजही नकाशावर आहेत. 721 ते 731 या दहा वर्षांत सुवा वेगळा मुलूख होता, मग परत शिनानोत आला. दहाव्या शतकातल्या सरकारी नोंदीत दरबारासाठी घोडे पाळायची 32 कुरणं आहेत, त्यांतली 16 शिनानोतली. अशा मुलखातून 1180 मध्ये किसो योशिनाका हा सरदार उठला, 1183 ला क्योतोत घुसला आणि 1184 ला मारला गेला. घोडे आणि डोंगर ज्याच्याकडे, तो राजधानी घेऊ शकतो. टिकवणं वेगळं.

सुव्याची एक गोष्ट मात्र थांबून सांगायलाच हवी. कडक हिवाळ्यात सरोवर गोठतं, बर्फ फाटतो आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बर्फाची उंच वरंबी उठते. देव आपल्या देवीला भेटायला तिकडून चालत गेला, असं मानतात. ती उठली की नाही, कधी उठली, याची नोंद 1443 पासून ठेवलेली आहे. आता देवळाचे लोक ठेवतात. जवळजवळ पावणेसहाशे वर्षं! अलीकडे पुष्कळ वर्षं रकान्यात 'उठली नाही' असंच लिहावं लागतं. आमच्या खात्यात दहा वर्षांपूर्वीचं मोजणी रजिस्टर मागितलं की वाळवी दाखवायचे. मी त्या देवळाला इथूनच नमस्कार केला.

आता हद्द. एवढं सगळं झाल्यावरच. मुलखाला दहा मुलूख लागतात. उत्तरेपासून डावीकडून फिरा. एचिगो, एत्चू, हिदा, मिनो, मिकावा, तोतोमी, सुरुगा, काई, मुसाशी, कोझुके. दहा वेळा म्हणा, लहानपणी पाढे म्हणायचो तसं. आज याच जागी 8 प्रांत लागतात. रेघ जवळजवळ सगळीकडे डोंगराच्या धारेवरून जाते, ती तपकिरी रंगाच्या माथ्यावरून काढत न्या. तीन बाजूंना काही अडचण येत नाही. पेन्सिल अडकते नैर्ऋत्य कोपऱ्यात, किसोत.

कारण पाणी सांगतं की किसोचं खोरं मिनोकडे उतरतं. 702 मध्ये किसोचा रस्ता काढायला घेतला तेव्हा नोंद मिनोच्या नावावर झाली. 713 मध्ये वाट खुली झाली. मग शिव कुठली यावर दोन मुलखांत तंटा. 879 मध्ये दरबाराची माणसं येऊन पाहणी करून गेली आणि निकाल मिनोच्या बाजूनं दिला, हद्द घाटाच्या माथ्यावर. पुढच्या शतकांत किसो हळूहळू शिनानोकडे सरकला आणि तिथंच राहिला. मी 879 सालच्या त्या पाहणीवर गेलेल्या माणसांचा पुष्कळ विचार केला. दोन्ही गावचे लोक भोवती उभे, प्रत्येकाच्या हातात कुठला तरी जुना पुरावा, आणि मोजणीवाला मधे. मला चहासुद्धा दोन्हीकडचा घ्यावा लागायचा, नाहीतर दुसरी बाजू म्हणायची सर्व्हेअर फितला.

नव्या काळात तर आणखी मजा. 1871 च्या शेवटी शिनानो दोन तुकड्यांत गेला. उत्तरेला नागानो प्रांत, दक्षिणेला मात्सुमोतो धरून चिकुमा प्रांत, त्याला हिदाही जोडलेला. (इथं माझे दोन दिवस वाया गेले. चिकुमा नदी आणि चिकुमा प्रांत कानाला एक, पण अक्षरं वेगळी, आणि प्रांत नदीच्या काठावर नाही. नाव कानावर विसंबून मांडू नका, अक्षर बघा.) 1876 च्या जूनमध्ये मात्सुमोतोची प्रांत कचेरी जळाली, ऑगस्टमध्ये प्रांतच मोडला. हिदा गिफूला गेला, बाकीचा भाग नागानोला. मात्सुमोतोवाल्यांच्या मनातून हे कधी गेलं नाही. 1948 मध्ये प्रांताचे दोन भाग करायचा ठराव प्रांतसभेत मंजूर होण्याच्या बेतात आला, तेव्हा बघ्यांच्या गॅलरीतून लोकांनी शिनानोचं गाणं म्हणायला सुरुवात केली आणि ठराव बारगळला, असं तिथं सांगतात. गाणं 1899 साली मात्सुमोतोच्याच एका शिक्षकानं शाळेतल्या पोरांना भूगोल शिकवायला लिहिलेलं. दहा शेजारी, चार सपाट्या, नद्या, डोंगर, सगळं ओळीनं. 1968 मध्ये ते प्रांताचं अधिकृत गीत झालं. नातवाचे कारखान्यातले सगळे सोबती ते तोंडपाठ म्हणतात. तुम्हाला वही पाठ करायची असेल तर याहून सोपी रीत नाही.

आमच्याकडे 1956 मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला तेव्हा चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला दिला. शिनोळी त्याच तालुक्यात. आमच्या हिचं माहेर चंदगडचं, माझी सोयरीक हद्दीपलीकडची. म्हणून मागोमेची बातमी मी दोनदा वाचली.

मागोमे हा नाकासेन्दोवरचा शिनानोतला शेवटचा मुक्काम. वरून साडेसोळा, डावीकडून सव्वादोन. ज्या यामागुची गावाच्या हद्दीत तो होता, ते गाव 13 फेब्रुवारी 2005 ला नागानो प्रांत सोडून गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावा शहरात सामील झालं. बाजारहाट, दवाखाना, नोकऱ्या सगळं त्याच बाजूला, गाव नदीबरोबर तिकडंच उतरतं. पण शिमाझाकी तोसोन हा मोठा साहित्यिक 1872 मध्ये मागोमेत जन्मला, तो शिन्शूचा म्हणून ओळखला जातो. आता त्याला कुठला म्हणायचं, यावर बरीच बोलाचाली झाली. शेजारचा त्सुमागो मुक्काम नागानोतच राहिला. दोन्हींच्या मधला घाट आज प्रांतांची शिव आहे. त्सुमागोच्या लोकांनी 1971 मध्ये आपसांत करार केला, घरं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. म्हणून तिथं अजून जुनी आळी बघायला मिळते.

वहीत हा कोपरा ठिपक्यांनी काढा. जुनी शिव एका रंगानं, 2005 ची दुसऱ्या. मी आधी शाईनं काढून बसलो आणि खोडताना कागद फाटला. मागून चिकटपट्टी लावली आहे.

उरलेलं काम फोनवरचं. जपानच्या सरकारी नकाशा खात्याचं संकेतस्थळ फुकट आहे, समोच्च रेषांसकट. त्यावर तोरिई घाट शोधा आणि दोन्ही ओढे बोटानं खाली न्या, वहीशी ताडा. मग रेल्वेचा नकाशा उघडा आणि शिनानो ज्या स्टेशनांच्या नावात आधी येतं ती गोळा करा. एकाच नावाची गावं दुसऱ्या मुलखातही असतात, म्हणून रेल्वेनं मुलखाचं नाव पुढं जोडलं. शिनानो-ओमाची, शिनानो-ओइवाके, शिनानो-कावाकामी. एका रुळाचं नाव आहे शिन्-एत्सु, म्हणजे शिनानो आणि एचिगो. अशी नावं फोडायला लागलात की सवय लागते, आमची ही वैतागली आहे.

काईच्या हद्दीजवळ एक लहान स्टेशन आहे, शिनानो-साकाई. साकाई म्हणजे शिव. नातवाला म्हटलं, सुट्टी मिळाली की तिथं उतर आणि पाटीचा फोटो पाठव, पाटी नीट वाचता येईल असा, तुझं तोंड मधे नको. पाठवला. तोंड मधेच आहे. वहीच्या पहिल्या पानावर डकवलाय. पुढच्या पानावर काईचा चौकोन आखून ठेवलाय, फुजी नदी कुठून निघते ते बघतोय.